दुसरी वेलांटी

ताईला 'आणि' कधी नीट लिहिता आलं नाही. दर वेळी दुसरी वेलांटी. भावजी चारचौघांत तिला टोचायचे, "म्हणे भयकथा लिहिते. हिचं शुद्धलेखन बघूनच माणूस घाबरेल."

मग ताई जिन्यावरून पडून गेली. वर्षाच्या आत भावजींनी तिच्या वह्यांतल्या भयकथा, वेलांट्या तेवढ्या सुधारून, स्वतःच्या नावावर छापायला दिल्या. आमच्या छापखान्यात प्रुफं मीच तपासते. दातओठ खात सगळं पुस्तक तपासलं.

काल शेवटचं पान आलं. भावजींचं मनोगत, त्यांच्याच वळणदार अक्षरात, खाली सही. 'या कथा माझ्या बायकोच्या आहेत. तिला मी जिन्यावरून ढकललं आणी तिच्या वह्या घेतल्या.'

मी तीनदा वाचलं. मग फोन लावला.

"भावजी, मनोगत आहे तसंच छापायचं ना?"

"मग? चार लोकांचे आभार मानलेत, त्यात तू काय सुधारणार? दोनदा वाचून पाठवलंय मी. एका अक्षराला हात लावायचा नाही."

 

नाही लावला. वेलांटीलासुद्धा नाही.