दहावं गाणं

नववं गाणं संपवून सरूबाई टवटवीत चेहऱ्याने रेकॉर्डिंगच्या खोलीतून बाहेर आल्या. अल्बमच्या कव्हरवर बोट ठेवून त्यांनी मुलाला विचारलं, "सुदाम, माझ्याशेजारी तुणतुणं घेतलेला हा फेटेवाला कोण रे?"

सुदामने नजर चुकवली. फेटेवाले त्याचे दिवंगत वडील होते. स्टुडिओतलं नवं रेकॉर्डिंगचं यंत्र गाण्यासोबत त्यामागचं दुःखही ओढून घ्यायचं, म्हणून तर ऐकणारे ढसाढसा रडायचे. पण ज्याच्यासाठी गळा दाटून यायचा, तो माणूसही गाणाऱ्याच्या मनातून निघून जायचा.

गायकीच्या पन्नाशीचा अल्बम दहा गाण्यांचा जाहीर झाला होता. दहावं मात्र काही केल्या जमेना.

"कोरडं येतंय," तंत्रज्ञ वैतागला. "बाईंना आता कशाचंच वाईट वाटत नाही."

सुदाम माइकसमोरच्या आईजवळ जाऊन बसला. "आई, शाळेतून फोन आला होता. माझी बकुळ गेली गं."

खोट्या दुःखासोबत खरा माणूस मनातून थोडाच जाणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

सरूबाईंनी हंबरडा फोडला आणि तोच हंबरडा सुरात वळला. तंत्रज्ञाने डोळे पुसत अंगठा वर केला.

शाळा सुटल्यावर बकुळ धावत आली आणि आजीच्या कमरेला बिलगली.

"बघ आई, खोटं बोललो होतो मी," सुदाम घाईने म्हणाला.

"कशाबद्दल रे?" सरूबाईंनी हसून पोरीचा गाल कुरवाळला आणि पर्समधून पेन काढलं. "गोड आहे हो! नाव काय बाळ तुझं? सही कुठे करू?"