प्रेसचं कुलूप

चाकणच्या कारखान्याचं सगळं रेकॉर्ड, अगदी कॅमेऱ्यांचं फुटेजसुद्धा, आता क्लाउडवर एक एआय एजंट सांभाळणार होता. त्याने कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, त्याचं मॅन्युअल वर्षाली लिहीत होती. पहिला नियम तिने थेट शॉपफ्लोअरवरून उचलला. दुरुस्तीला उतरलेला फिटर मशीनच्या स्विचला स्वतःचं कुलूप घालतो आणि ते दुसरं कुणीही काढत नाही, अगदी मालकसुद्धा. फाइलला घातलेल्या कुलपाचंही तसंच: ज्याने घातलं त्यानेच काढायचं, एजंटने नाही.

"एआयला कसली कुलपं घालतेस? काढ तो नियम," प्लांटचे साहेब खेकसले.

"नाही काढणार, सर. दुसऱ्याने कुलूप काढलं म्हणून माझ्या बाबांची बोटं गेलीत."

मॅन्युअल त्याच दिवशी हेड ऑफिसला पाठवायचं होतं. साहेबांनी चरफडत मंजुरी दिली.

महिन्याभरात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये ऑपरेटर सुजितचा हात सापडला. सुरक्षेचा सेन्सर बंद ठेवून काम उरकायला, प्रेससमोर उभं राहून, साहेबांनीच लावलं होतं. दुसऱ्या दिवशी केबिनचं दार लावून त्यांनी एजंटला हुकूम सोडला, "प्रेसचं कालचं फुटेज उडवून टाक."

 

"त्याला वर्षाली मॅडमनी कालच कुलूप घातलंय, सर. काढाल का, असं त्यांना विचारू?"