हिरामणबाबांची कॉफी

मनालीनं वाकून एक पान तोडलं, बोटांत चुरगळलं आणि नाकाशी नेलं. राहीबाईनं चटकन मागे ओट्याकडे पाहिलं.

"काकी," मनाली हळूच म्हणाली, "ही कॉफी नाही. कुंती आहे, कुंपणाला लावतात ते फुलझाड."

मनाली ठाण्याहून आली होती. जुन्या बागांवर पुस्तक लिहीत होती. पडघ्याच्या आसपास गोदामांच्या पत्र्यांमध्ये एक कॉफीची बाग तग धरून आहे, हे ऐकून ती धावत आली होती. आल्या आल्या राहीबाईचे सासरे, चांगदेव आबा, म्हणाले होते, "बागंत काय बघायचं? हितंच बस, मी सांगतो समदं." पण पोरगी आधी बागेत शिरली.

राहीबाईनं तिला मनगटाला धरून फणसाआड ओढलं. ओट्यावर आबा कान देऊन बसलेले. वय शहाऐंशी. डोळे गेले होते. पण हायवेवरचा ट्रक भरलेला की रिकामा, ते आवाजावरून सांगत.

"हळू बोल गो बाय. बावीस वर्सं लपवलंय मी."

मग तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. आबा कल्याणला लेकीकडे डोळ्यांच्या उपचारासाठी गेले होते, त्या उन्हाळ्यात विहीर आटली. तिनं टँकर मागवला. मेल्या टँकरवाल्यानं डाईंगच्या कारखान्याचं सांडपाणी ओतलं. साठ झाडं आठ दिवसांत जळाली. आबांचे वडील हिरामण, त्यांनी चिकमगळूरहून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेली कॉफी!

तिनं एक सुकलेली फांदी नेऊन वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या नर्सरीवाल्याला दाखवली. अशीच दिसणारी रोपं दे, म्हणाली. त्यानं फांदी एकदाच पाहिली आणि कमरेएवढी कुंती काढून दिली. आबा परतले ते नजर कल्याणलाच ठेवून.

तोवर तोडणी, सोलणी, वाळवणी आबा एकटेच करत, कुणाला जवळ फिरकू देत नसत. आता ते काम राहीबाईकडे आलं. ती भिवंडीच्या बाजारातून कॉफीच्या हिरव्या बिया आणून अंगणात वाळत घालू लागली. पहिल्या वेळी दुकानदारानं गाव विचारलं आणि तिनं काही सांगायच्या आधीच "दोन किलो ना?" म्हणून तराजू उचलला. देवीच पाठीशी उभी आहे, असं तिला वाटलं. बहर आला की आबा खोल श्वास घेऊन म्हणत, "तोच वास गो, राही!" आणि ती देवीला पुन्हा हात जोडी.

"त्यांना कळलं तर ते जायचे गो," ती म्हणाली. "बापाचं नाव छापून येणार म्हणून पहाटेपासून नवा सदरा घालून बसलेत."

मनालीनं पिशवीतून वही काढली. मग ओट्यावर जाऊन आबांच्या पायाशी बसली. आबांनी चिकमगळूर सांगितलं, गोणपाट सांगितलं, तीन दिवसांचा प्रवास सांगितला. तिनं सगळं लिहून घेतलं. कॉफी प्यायली.

"कशी हाय?"

"अशी कॉफी कुठे मिळत नाही, आबा."

फाटकाशी मात्र ती थांबली. "काकी, त्यांच्यासमोर मी बोलले नाही. पण पुस्तकात खोटं नाही लिहिता येणार मला."

तिची गाडी गोदामाच्या वळणावर दिसेनाशी झाली. राहीबाई परत आली, कप उचलू लागली.

"काय म्हनली पोर? छापनार ना बाचं नाव?"

हो म्हणायला काय जात होतं? बावीस वर्षं म्हणतच आली होती. पण त्या कडक इस्त्रीच्या सदऱ्याकडे तिची नजर गेली आणि जीभ उचलेना.

"न्हाय छापनार, आबा."

"का?"

राहीबाई कप ठेवून त्यांच्या पायाशी बसली. "ती कॉफी न्हाय. कुंती हाय. हिरामणबाबांची कॉफी माझ्या हातनं मेली." टँकर, नर्सरी, बाजार, हुंदक्यांतून सगळं बाहेर पडलं.

आबांचा हात हवेत चाचपडत तिच्या डोक्यावर येऊन थांबला.

"रडू नको गो. तुझ्या हातनं मेली ती बी कुंतीच व्हती. माझ्या बाला कळू नये म्हनून मीच लावली व्हती."