क्षमावणीची वेळ

साठीत अक्षरं गिरवली. आता नात स्वप्नाली मला रोज एक इंग्रजी शब्द शिकवते. परवा 'इव्हेड' आला.

"आज्जा, इव्हेड म्हंजे चुकवणं. कर चुकवतात, प्रश्नाचं उत्तर चुकवतात. पन हुशारीनं, बरं का."

"आनि माणूस चुकवला तर?"

"तरी त्योच शब्द. तुमी मोठ्या आज्जांना चुकवता तसं!"

पोरीनं नेमकं वर्मावर बोट ठेवलं.

विहिरीच्या पाळीवरून भांडण झालं, तेव्हापासून अकरा वर्षं मी थोरल्या भावाशी, भरतेशदादाशी, बोललेलो नाही. आम्हा जैनांत पर्युषण संपलं की क्षमावणीला घरोघर जाऊन हात जोडतात. मीही दादाच्या घरी जातो, पण तो अभिषेकाला मंदिरात गेला असेल तेव्हा. वहिनीला म्हणतो, "काय चुकलं असंल तर क्षमा करा," आणि परततो. घरी बायको सांगते, "दादा आत्ताच हात जोडून गेलं बगा." दरवर्षी हेच. मला वाटायचं, तो बिचारा भेटायला येतो आणि मीच तोंड लपवतो.

यंदा दादाचं मिरजेत हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. म्हणून क्षमावणीला मी कुठंच गेलो नाही, सकाळपासून सोप्यात बसून राहिलो. नेहमीच्या वेळेला दादा आला. उंबऱ्यापाशी हात जोडले, मान वर केली आणि मला बघून थबकला.

 

"आरं, तू घरात हाईस व्हय?" म्हणाला, आणि आल्या पावली परत गेला.