जमिनीवरचं घड्याळ

लॅपटॉपच्या स्क्रीनवरचं घड्याळ सव्वातीन दाखवत होतं, आणि ते साफ खोटं होतं. भिंतीवर नुकते कुठे बारा वाजले होते.

"सव्वातीन?" त्याचं पुटपुटणं ऐकून पलंगावर पालथ्या पडलेल्या बायकोने विचारलं. "आणि मला अजून जेवण नाही?"

"थांब जरा. चूक सापडली," तो म्हणाला.

चूक नवशिक्याची होती. वर्तुळाचे अंश मोजायला संगणक तीनच्या आकड्यापासून सुरुवात करतो, बारापासून नाही. म्हणून काटे पाव फेरी मागे न्यावे लागतात. हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण त्याने आयुष्यभर बिलांचे प्रोग्राम लिहिले होते. स्क्रीनवर चित्र काढायची ही त्याची पहिलीच वेळ. त्याने एक ओळ बदलली आणि दोन्ही काटे मुकाट्याने बारावर जाऊन बसले.

बायकोच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यातला पडदा सुटला होता. डॉक्टरांनी तो जागेवर बसवून आत वायूचा एक बुडबुडा सोडला होता. बुडबुडा वर वर जातो, त्यामुळे तोंड जमिनीकडे असलं तरच तो पडद्याला दाबून धरणार. "मी सांगेपर्यंत मान खाली," डॉक्टर म्हणाले होते. "वर केलीत की सगळं मुसळ केरात." डाव्या डोळ्याने तिला लहानपणापासूनच अंधुक दिसायचं. सारी भिस्त या उजव्यावरच होती.

प्राथमिक शाळेतल्या बाईंना दिवसभर गप्प पालथं पडायला सांगणं म्हणजे शिक्षाच. वाचायचं नाही, टीव्ही नाही, फोन नाही. खोलीत सोबतीला नवरा, आणि त्याला ऑफिसात मौनीबाबा म्हणत. ती म्हणायची, शेजाऱ्यांचं वॉशिंग मशीन आज फारच खडखडतंय. तो म्हणायचा, हं. ती म्हणायची, माझ्या वर्गावर कोणाला पाठवलं असेल हो? तो म्हणायचा, हं. पण तिने "अहो, किती वाजले?" असं विचारलं, की तो ताबडतोब आणि मिनिटासकट सांगायचा. असे प्रश्न त्याला आवडत. त्यांना एकच उत्तर असतं.

हा प्रश्न ती फार वेळा विचारू लागली होती. एकदा तिने तो विचारला तेव्हा तो स्वयंपाकघरात दूध तापवत होता. ऐकू आलं नाही. परत येऊन बघतो तर हिने हातांवर भार देऊन मान वर केलेली. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. काय झालं ते त्याच्या लगेच ध्यानात आलं, आणि उपायही तिथल्या तिथे सुचला.

घड्याळ त्याने मन लावून केलं. काळी तबकडी, पिवळे काटे, अधू डोळ्यालाही दिसतील असे बोटभर जाड. तासकाटा आकड्यावर ठाण मांडून न बसता हळूहळू पुढे सरकेल असा हिशेब केला. दर सेकंदाला तबकडी पुसून पुन्हा काढताना ती लुकलुकायची. म्हणून आधी सगळं चित्र मेमरीत काढून एकदम स्क्रीनवर आणलं. लॅपटॉप पलंगाच्या कडेशी, तिच्या उशीच्या खाचेतून दिसेल असा जमिनीवर ठेवला, तर तिला तो उलटा दिसू लागला. त्याने तबकडी अर्धी फेरी फिरवायच्या ओळी लिहायला घेतल्या. बऱ्याच लिहूनही झाल्या. मग लक्षात आलं, की लॅपटॉपच फिरवता येतो.

शेवटी भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्याने कपाटात ठेवलं. वर बघायला काही नकोच.

त्यानंतर घर एकदम शांत झालं. किती वाजले हा प्रश्न बंद झाला. तो तिच्या पायांमागच्या टेबलाशी ऑफिसच्या संगणकावर काम करत बसला. तिला त्रास नको म्हणून बटणं अलगद दाबायचा, मोजे घालून चालायचा. आपलं घड्याळ कामाला आलं, याचा त्याला मनापासून आनंद झाला होता.

दुपार कलताना त्याने सहज मागे वळून पाहिलं. बायकोने मान वर केली होती. वर करून ती मागे वळवायच्या बेतात होती.

"अगं, मान खाली."

तिने चेहरा पुन्हा उशीच्या खाचेत टेकवला. तो धावत येऊन तिच्याजवळ उभा राहिला. तो घाबरला होता आणि चिडलाही होता. एरवी तो महिनाभरात बोलला नसता, एवढं एका दमात बोलला.

"घड्याळ नाकासमोर ठेवलंय ना तुझ्या? दिसत नाही का नीट? काटे अजून जाड करू? नाहीतर त्याला बोलायलाच लावतो. दर पंधरा मिनिटांनी आपोआप वेळ सांगेल."

"दिसतंय हो. छान झालंय. काटे तर जराही लुकलुकत नाहीत."

"मग वर काय बघत होतीस? भिंतीवर आता नुसता खिळा आहे."

"तुम्ही आहात का, ते बघत होते."

"मी कुठे जाणार? सकाळपासून याच खोलीत तर आहे."

"ते मला कसं कळणार?" ती जमिनीकडे बघत म्हणाली. "आधी वेळ विचारली की कळायचं."