मामांची फर्माईश

एकाने जरी दुसऱ्यांदा कॅसेट मागितली, तर कुंदनचा रॉक बँड टिकणार होता. नाहीतर रविवारी ड्रम विकायचा, असं चौघांचं ठरलं होतं. टेपरेकॉर्डरवर भरलेल्या तालमीच्या दहा कॅसेटी त्याने फुकट वाटल्या. नऊ जण पंचवटीत त्याला बघून गल्ली बदलू लागले. दहावे मोतीराममामा मात्र पिंपळगावहून स्वतः आले.

“भाच्या, नवी कॅसेट दे. लवकर!”

कुंदनने मामांना मिठी मारली. “मामा, इतकी आवडली?”

“मला कशाला आवडंल? द्राक्षबागेत भोंग्यावर लावली व्हती. आठ दिवस एक पाखरू फिरकलं नाय. आता सरावलीत. भोंग्यावरच बसून घड खातात!”

 

बँड टिकला. श्रोते हजारोंनी उडत आले होते. तिकिटाचे पैसे तेवढे मामांच्या द्राक्षांनी भरले.