तिसरी शिट्टी

"कुकरच्या शिट्ट्या मोजण्यातून मानवजातीची आजपासून सुटका!" जेवणाच्या टेबलावर मांडलेलं शिट्ट्या मोजणारं यंत्र सुरू करत विद्वांसकाकांनी घोषणा केली. काकू कालच्या करपलेल्या वरणाचं भांडं घासत होत्या.

"आज मी गॅसला हात लावणार नाही," त्या म्हणाल्या. "आजही वरण लागलं, तर जेवणाचं टेबल रिकामं करायचं. तारांसकट."

शिट्टी आपली की शेजाऱ्यांची, हे आवाजावरून ओळखायला यंत्राला ढीगभर आकडेमोड करावी लागे. जुनी चिप इतकी मंद, की तिसरी शिट्टी ओळखेपर्यंत पाचवी होऊन जाई. म्हणून पंधरा दिवस डोकेफोड करून त्यांनी दहापट वेगवान मायक्रोकंट्रोलर चिप निवडून बसवली होती.

शिट्टी झाली. पडद्यावर एकचा आकडा उमटला. लगेच शेजारच्यांची शिट्टी झाली, पडदा ढिम्म. मग दोन. मग तीन, आणि यंत्राची घंटी वाजली.

"बघितलंस? क्षणात ओळखली!" पडद्यावरून काकांची नजर हटेना. चार आले. पाच आले. सगळे बिनचूक. सातला जळका वास आला.

"टेबल सावकाश रिकामं करा," काकू म्हणाल्या. "आधी तेवढा गॅस बंद करा."